शेंदरी बलक

मी एक म्हातारी गावरान कोंबडी आहे, मित्रांनो. तुरा एका अंगाला पडलाय, पण चोच अजून शाबूत आहे. उगाच माझी शेपटी ओढायला येऊ नका. सिरसाळ्याजवळच्या एका वस्तीवर, सुभद्राबाईच्या डालग्याखाली मी अंड्यातून बाहेर आले. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी पालथी टोपली.

त्या वर्षी दुष्काळ पडला. शिवारात ना किडा, ना हिरवं पान. माझी अंडी बंद झाली. नेमकी तेव्हाच सुभद्राबाईची सून भिवराबाई ऊसतोडीवरून परत आली. तिकडे फडावरच्या कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीतच, बाळंत झालेली, पार वाळून गेलेली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला रोज एक अंडं द्या. आणि मी रिकामी! मला फार लाज वाटायची. सुभद्राबाई मात्र कधी रागावली नाही. स्वतःच्या भाकरीतला कोर कुस्करून ती माझ्यापुढे टाकायची.

एके सकाळी गावच्या सहकारी सोसायटीतला पंडित पिशवी घेऊन आला.

"काकू, हे सेंद्रिय खाद्य घ्या. महाग हाय, पण लई भारी."

"शेंदरी?" सुभद्राबाई कडाडली. "त्या शेंदरी अळीनं माझा समदा कापूस खाल्ला, अन् तू तीच पिशवीत भरून आणलीस व्हय रे?"

"अळी न्हाई वो काकू! सेंद्रिय! फवारणी न केलेल्या दाण्याचं."

"मंग बलक तरी शेंदरी होतो का?"

"होतो की!" पंडितनं ठोकून दिलं.

"आठ दिसांचं दे. बघते."

तिनं आपल्या दुसऱ्या, माझ्यासारखीच अंडी थांबलेल्या तांबड्या कोंबडीला डालग्यात ठेवून ते खाद्य घातलं. मला काखेत मारून ती सोसायटीच्या चारा छावणीवर घेऊन गेली. तिथे गावची जनावरं दावणीला होती. अगं बाई, काय सांगू! शेणात अळ्या, वैरणीत सांडलेला दाणा, पाण्याच्या टाकीखाली ओलसर हिरवं गवत. मी पाय दुखेपर्यंत उकरलं.

आठव्या दिवशी आम्ही दोघींनी अंडी दिली. सुभद्राबाईनं पंडितसमोरच दोन्ही ताटलीत फोडली. तांबडीचा बलक फिकट पिवळा. माझा भडक शेंदरी!

"ही बघ तुझी शेंदरी. शेणातली!"

पंडित ओशाळून हसला. "मंग पिशवी परत नेऊ?"

"नगं. डालग्यात कोंडलेलीला लागंल. मोकळ्या फिरणारीला कशाला?"

मग एक दिवस माझं अंडं, एक दिवस तांबडीचं, असं चाललं. महिन्याभरात भिवराबाई लेकराला कडेवर घेऊन अंगणात आली आणि तिनं आपल्या हातानं मला दाणे टाकले. त्या दाण्यांची चव मला अजून आठवते.

आता मी अंडी देत नाही. परवा एक व्यापारी दारात आला. "म्हातारी हाय, देऊन टाका," म्हणाला. सुभद्राबाई काही बोलायच्या आत भिवराबाईच पुढे झाली.

"तिच्या अंड्यावर मी उठले. ती कुठं जायची न्हाई."

मित्रांनो, कोंबडीला रडता येत नाही. मी नुसतीच ओरडत अंगणभर फिरले.

तेव्हा पिशवी घ्यायची की नाही, हे तुमची कोंबडी कुठे फिरते ते पाहून ठरवा. उन्हाळ्यात सावलीला पाण्याचं भांडं भरून ठेवा. आणि जेवताना भाकरीचा एक कोर बाजूला काढा. आम्ही तो विसरत नाही.