निकानोराची हाक

बास्केटबॉलमध्ये बास्केट कुणीही करतं. बचावाला मात्र तोंड लागतं. याविरे गावच्या आमच्या बायकांच्या संघाकडून मी हेच घोकून घेतलंय: पाठीमागून अडवायला येणारी जिला दिसत नाही, तिच्यासाठी दुसरीने ओरडायचं. तेही आमच्या बोलीत. पलीकडच्या डोंगरावरच्या लाचिसोनावाल्यांना ती ओ की ठो कळत नाही. त्यांच्याशी आम्ही स्पॅनिशच बोलतो.

सगळ्यांत खणखणीत गळा माझ्या धाकट्या बहिणीचा, निकानोराचा. आईच्या माघारी मीच वाढवली तिला. आणि गेल्या वर्षी बयेने संसार मांडला तो नेमका लाचिसोनात.

यंदाच्या जत्रेत अंतिम सामना त्यांच्याशीच पडला. बक्षीस एक खोंड. निकानोरा पहिल्यांदाच त्यांच्याकडून उतरणार होती. सकाळी मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालांची टोपली घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, तिथे मला अजून परकीच समजतात गं. आज नीट खेळले तर जरा बरं होईल."

मी म्हटलं, खेळ की, मी काय तुझे पाय धरलेत? पण जीव तुटला माझा.

तिला आमच्या सगळ्या हाका पाठ. म्हणून मी पोरींना बजावलं, आज अवाक्षर काढायचं नाही. कसली माझी अक्कल! मुक्या बचावाची पार दाणादाण उडाली. मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे. शेवटी म्हटलं, गेलं खड्ड्यात, ओरडा. तिला कळलं तर कळू दे, एकटी पाचजणींना थोडीच पुरणार आहे?

मग गाडी रुळावर आली. शेवटच्या मिनिटाला एकाच गुणाने मागे होतो. आमची क्रिस्पिना चेंडूवालीला अडवत उलट्या पावलांनी सरकत होती. तिचा गुडघा मागच्या वर्षीच निखळलेला. तिच्या पाठीशी लाचिसोनाची एक धिप्पाड बाई येऊन खांबासारखी उभी राहिली, आणि आमच्यातल्या एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं. ओरडली ती निकानोरा. आमच्या बोलीत.

"मागे बघ, मागे!"

क्रिस्पिना गर्रकन वळली, चेंडू हिसकावला, धावत जाऊन बास्केटमध्ये टाकला. आम्ही एका गुणाने जिंकलो.

निकानोरा जागच्या जागी पांढरीफटक पडली होती. तिची सासू, दोन्या एउलोखिया, पायऱ्या उतरून थेट माझ्याकडे आली.

"विहीणबाई, काय ओरडली ती?"

खरं सांगितलं असतं तर पोरीचं तिथलं अन्नपाणी कडू झालं असतं.

"काय सांगू तुम्हाला," मी म्हटलं. "शिव्या दिल्या आम्हाला. स्वतःच्या माहेराला."

"माझ्या तर सात पिढ्यांचा उद्धार केला," क्रिस्पिना गुडघा चोळत म्हणाली. बाकीच्या चौघींनी गंभीरपणे माना डोलावल्या. हे मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं.

म्हातारीने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग तिला हसू आलं.

"खाल्ल्या मिठाला जागली म्हणायची पोरगी," ती म्हणाली, आणि निकानोराचा दंड धरून तिला आपल्या बायकांत जेवायला घेऊन गेली.

जाताना निकानोराने वळून माझ्याकडे पाहिलं. सासूही बघत होती. मी रागावल्यासारखं तोंड फिरवलं, आणि त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत तसंच ठेवलं. एवढं जड मला जन्मात काही गेलं नाही.