गळकी म्हणू नका

मित्रांनो, मी रेवदंड्याच्या कमळबाईंची जुनी बांबूची टोपली आहे. मला गळकी म्हणू नका. ऐकून ऐकून माझा जीव विटला आहे. मासळीचे पाणी निथळावे, आत वारा खेळावा, म्हणूनच तर माझ्या विणीत फटी आहेत!

सहा वर्षांपूर्वी माणगावच्या रावजींनी मला विणले. बुरूडकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रोज कमळबाई मला डोक्यावर घेत आणि मासळी विकायला अलिबागला जात. पण रिक्षावाले मला पाहताच तोंड फिरवत. "मावशी, सीट भिजते. टब घ्या की!"

शेवटी सूनबाई सुचिताने निळा प्लॅस्टिकचा टब आणलाच. "आई, धुवायला सोपा, गळत न्हाय." झाले! माझी रवानगी अंगणात झाली. मला पालथी घालून खाली कोंबडीची पिल्ले कोंडली. तेही सोसले. पण कमळबाईंचा मुलगा ऋत्विक बूट घालायला चक्क माझ्यावर बसला. कडकन माझा काठ मोडला. "जुनीच तर होती," म्हणाला. म्हणजे जुन्यांवर बसायचे असते का?

एप्रिलचे ऊन तापले. टबातला बर्फ वितळला आणि कोलंबी त्याच पाण्यात दुपारपर्यंत डुंबत राहिली. नेहमीच्या गिऱ्हाईक प्रांजलीबाईंनी वास घेतला आणि पिशवी मागे घेतली. "कमळबाई, तुमची मासळी कधी अशी नव्हती हो."

त्या दिवशी कमळबाई अर्धी मासळी घेऊन घरी आल्या. पिल्ले हुसकली, मला उचलले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने माणगाव गाठले.

रावजींनी मला चाचपले. "बूड घट्ट हाय. काठ गेलाय."

"मग बांधून दे ना."

त्यांनी हात पुढे केले. बोटे वाकडी होऊन आखडली होती. "कोयताच धरवत न्हाय, कमळताई."

कमळबाई मला घेऊन उठल्या. तेवढ्यात रावजींची मुलगी राही आतून आली. ती कॉलेजात शिकत होती. बांबूला हात लावायचा नाही, असे तिने मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगितले होते.

"आणा इकडं," ती घुश्शातच म्हणाली. "बाबा, तुम्ही नुसतं सांगा."

तिने हिरवा बांबू चिरला, कामट्या सोलल्या. बोट कापले, ते चोखून पुन्हा बसली. "सैल पडलं, उसव," रावजी म्हणाले. तीनदा उसवले! तिच्या रागाचा प्रत्येक हिसका माझ्या अंगावर. मीही करकरले. चौथ्यांदा रावजींनी आखडलेल्या बोटांनी काठ दाबून पाहिला.

"माझ्यापेक्षा घट्ट झालाय," ते हळूच म्हणाले. राहीने मान वळवली, पण ओढणीने डोळे टिपलेले मी पाहिले.

आता मी पुन्हा अलिबागला जाते. रिक्षात सुचिता माझ्याखाली गोणपाट घालते. इतका सोपा उपाय सुचायला यांना सहा वर्षे लागली! परवा तिने राहीला फोन करून स्वतःसाठीही एक टोपली सांगितली.

मित्रांनो, आम्हाला वापरून झाले की धुवा, सावलीत वाळवा. काठ मोडला तर फेकण्याआधी विणणाऱ्याला दाखवा. आणि कृपा करून आमच्यावर बसू नका. मी चिडकी आहे, हे मला मान्य आहे. माझी मासळी ताजी असते, एवढे तुम्ही मान्य करा.