शेवटचा फर्मा

बाइंडरची नऊ वर्षांची लेक दिवसभर डोक्याला प्रश्नांचा भुंगा लावायची, म्हणून घरात तिचं नावच भुंगा पडलं होतं. शाळेत मात्र पन्नास पोरांच्या वर्गात या भुंग्याने दोन वर्षं ब्र काढला नाही. शेवटी बाइंडरने तिला घरी आणलं आणि आपल्या कामाच्या टेबलापाशीच शिकवायला घेतलं. आई नर्स, सकाळी जायची ती संध्याकाळी उगवायची. तेव्हा खळ ढवळता ढवळता पाढे, पुठ्ठा कापताना अपूर्णांक आणि वाचायला छापखान्यातून आलेले फर्मे. फर्मा म्हणजे घडी घातली की सोळा पानं होणारा मोठा कागद. आज तिसरा, परवा पहिला, जो येईल तो भुंगा फस्त करायची.

आज तिला तपासायला शिक्षण खात्याच्या बाई घरी आल्या होत्या. त्यांनी सही केली तर आणखी एक वर्ष घरी, नाहीतर सोमवारपासून पुन्हा शाळा. बाइंडरने तीनदा हात धुतले, तरी बोटांची खळ काही जाईना.

गणितात भुंग्याने बाईंना गारच केलं. मग बाईंनी एक गोष्ट वाचायला दिली. एक म्हातारा रोज एका बंद दारापुढे येऊन बसतो आणि एके दिवशी ते दार उघडतं. तिने ती घडाघडा वाचली.

"छान! आता सांग, शेवटी काय झालं?"

"अजून कुठे कळलंय?" भुंगा म्हणाली. "पुढचा फर्मा द्या ना."

"पुढे काही नाही बाळ. संपली गोष्ट."

"अशी कशी संपेल? दारामागे कोण होतं?" झालं, गाडी सुटली. "बायको असेल. तो रोज खुर्च्या दोन का मांडतो? नाहीतर वाऱ्यानेच उघडलं असेल, कडी मोडकी होती ना!"

बाईंनी वहीत काहीतरी खरडलं. "हिने आजवर एखादं पुस्तक पूर्ण वाचलंय का हो?"

शेवटचा फर्मा आला की गिऱ्हाईक मानगुटीवर बसायचं. त्याच दिवशी शिवण, गठ्ठा आणि पुस्तकं घराबाहेर. पोरीने शेकडो गोष्टी सुरू केल्या होत्या, शेवट एकीचाही पाहिला नव्हता. आणि बाप असून हे आपल्याला दिसलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे, तिची नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "ही गोष्ट मी कितीतरी मुलांना दिलीय. खुर्च्या दोन आहेत हे मलासुद्धा कधी दिसलं नव्हतं. सही करते. पण महिनाभरात एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी येऊन विचारणार."

गिऱ्हाईकाने न नेलेलं एक जाडजूड पुस्तक फळीवर होतं. भुंग्याने आठवडाभर त्यात डोकं खुपसलं. शेवटची चार पानं उरली तेव्हा तिने त्यांच्यावर हात ठेवला.

"बाबा, आधी तू सांग, काय होईल?"

"मला काय ठाऊक?"

"तूच बांधलंस ना हे?"

"बांधलं गं. वाचलं कुठे?"

"मग दुसरं कुठलं वाचलंस?"

पंचवीस वर्षांत हजारो पुस्तकं त्याच्या हातांखालून गेली होती. तो आठवत राहिला आणि मग त्याने नकारार्थी मान हलवली.

भुंगा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पुस्तक मिटलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पहिलं पान उघडून दिलं.

"तू वाच. मी थांबते."