माझ्यात न पडलेले घोट

मला थुंकदाणी म्हणणाऱ्यांना आधीच बजावून ठेवतो, मी पाण्याचा जग आहे. इनॅमलचा, पांढरा, निळ्या काठाचा आणि आता बराच म्हातारा. मित्रांनो, तुम्ही लहान आहात आणि माझी गोष्ट वाइनची आहे. ती तुम्हाला सांगू नये असं मोठी माणसं म्हणतील. पण माझा राग मोठ्या माणसांवरच आहे, तेव्हा त्यांची परवानगी मागत बसायला मला वेळ नाही.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं, लेपात बुडवलं आणि धगधगत्या भट्टीत ठेवलं. जीव नकोसा झाला होता. पण बाहेर आलो तो असा चकचकीत, की माल तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात बघून आपले केस सारखे केले. पुढे एका आईने मला विकत घेतलं. तिला दोन मुलं, मोठी ताई आणि तिचा धाकटा भाऊ. जेवणाच्या वेळी मला कोणी भरायचं यावरून दोघांची रोज जुंपायची. भाऊ मला काठोकाठ भरायचा आणि निम्मं पाणी जमिनीवर सांडायचा. ताई पुसायची आणि त्याला एक धपाटा घालायची. माझे ते सुखाचे दिवस होते.

ताईचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर नव्या घरी आलो. तिचे यजमान दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा लावून बघायचं आणि ‘चूळ भरा, थुंका’ म्हणायचं, हा त्यांचा धंदा. माणूस वाईट नाही, हे रागातही कबूल करतो. पण तोंडात गेलेलं सगळं थुंकून बाहेर काढता येतं, असा त्यांचा पक्का समज झाला होता.

भाऊ मोठा होऊन गाडी चालवायला शिकवू लागला. शिकाऊ माणसांवर तो दिवसभर ‘क्लच, अहो क्लच!’ असा ओरडायचा, म्हणून सगळे त्यालाच क्लच म्हणू लागले. हसरा, बोलका, दहा जणांत उठून दिसणारा. आणि पिणारा. आधी थोडी, मग रोज, मग सकाळीसुद्धा. शेवटी एक दिवस त्याला उलटी झाली ती रक्ताची.

दवाखान्यातून आणल्यावर ताईने त्याला आपल्याच घरी ठेवलं. तेव्हा फळीवरून मला खाली काढलं ते तिनेच. एका हाताने त्याचं कपाळ धरायची आणि दुसऱ्या हाताने मला त्याच्या हनुवटीखाली धरायची. ‘थुंक राजा, थुंकून टाक,’ म्हणायची. मी किती भरलो आहे हे बघायला तिला दिवा लागत नसे, तिच्या हाताला माझं वजन कळायचं. मला त्या कामाची लाज कधीच वाटली नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, ‘यापुढे एक थेंब पोटात गेला तर यकृत साथ देणार नाही.’ क्लचने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, बरा होऊन आपल्या घरी गेला आणि तो शब्द दोन वर्षं पाळला. ताईने मला घासूनपुसून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

मग दातांच्या डॉक्टरांना वाइनचा नाद लागला. दर रविवारी दुपारी घरात मैफल. फरशांचं दुकान चालवणारे एक मित्र यायचे आणि विम्याचं काम करणाऱ्या एक बाई यायच्या. बाटलीवरचा कागद दिसू नये म्हणून डॉक्टर आपले लोकरीचे मोजे बाटल्यांना चढवायचे. टाचेचा फुगा बाटलीच्या पोटावर यायचा. सगळे पेल्यात नाक खुपसून कोणती वाइन ते ओळखू बघायचे, मग ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की जितके गुण तितकी बोटं वर करायची.

‘राखाडी मोज्याला ओल्या लाकडाचा वास आहे,’ विमावाल्या बाई म्हणायच्या.

‘तो मोज्याचा असेल,’ फरशीवाले म्हणायचे आणि सात बोटं वर करायचे. ते सगळ्यांनाच सात द्यायचे.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. खुशाल बोटं वर करा. पण क्लच एकटा पडलाय, त्यालाही चार माणसांत बसवू या, असं डॉक्टरांच्या मनात आलं.

‘मोठमोठे जाणकार चव घेऊन थुंकतातच,’ ते ताईला म्हणाले. ‘चूळ भरायची आणि टाकायची. पोटात जायचा प्रश्नच कुठे येतो?’

‘नको,’ ताई म्हणाली.

‘अगं, दोन वर्षांत कधी हसलाय का तो? जरा येऊ दे की.’

ते खरं होतं, ताईलाही माहीत होतं. आणि डॉक्टरांनी स्टुलावर चढून मला खाली काढलं.

‘हा नको,’ ती कशीबशी म्हणाली.

‘का? धुतलेला आहे की!’

मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती तर मी त्या माणसाची अशी खरडपट्टी काढली असती, की त्याच्याच दवाखान्यात त्याला कोणी तोंड दाखवलं नसतं! ज्या तोंडाखाली मला धरून तो पोरगा वाचवला, त्याच तोंडासमोर मला वाइन थुंकायला ठेवलं. बाकीचे मजेत पीत होते. मी फक्त त्याच्यासाठी होतो.

पहिल्या रविवारी क्लच प्रामाणिकपणे थुंकला. प्रत्येक घोट माझ्या तळाशी आला. प्रत्येक घोटानंतर तो पेला लांब सारत होता, ते कुणी बघितलं नाही. बघितलं ते एवढंच, की त्याने निळ्या मोज्यातली वाइन बरोबर ओळखली. काय ती वाहवा! ‘काय जीभ आहे राव तुमची,’ फरशीवाले म्हणाले. दोन वर्षं ज्याला सगळ्यांनी नुसतं जपलं होतं, त्याला पहिल्यांदा कुणीतरी हुशार म्हटलं होतं. तो किती फुलला म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी घोट अर्धेच आले. त्यानंतर मात्र तो माझ्यावर वाकायचा, तोंडाने ‘पिच्च’ असा झकास आवाज काढायचा आणि रुमालाने ओठ टिपायचा. माझ्यात काहीच पडायचं नाही. मी कोरडा ठणठणीत. आवाज ऐकून डॉक्टर खूश. ‘बघ, थुंकतोय ना?’ असं स्वयंपाकघराकडे तोंड करून ताईला सांगायचे. सगळे गेले की शीळ घालत मला नळाखाली धरायचे. दिवसभर लोकांच्या दाढा दिवा लावून तपासणारा हा माणूस, त्याने माझ्या आत एकदाही डोकावून बघितलं नाही. माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे, आणि तो अजून शमलेला नाही.

ताई मैफलीत कधी बसली नाही. पण एका रविवारी रिकामे पेले न्यायला ती बाहेर आली. क्लचने नुकताच तोंड भरून घोट घेतला होता. वाट करायला तिने मला उचललं आणि ती जागच्या जागी थांबली. तिच्या हाताला माझं वजन कळलं होतं.

‘किती बाटल्या झाल्या?’ तिने विचारलं.

‘चौथा मोजा चाललाय,’ डॉक्टर कौतुकाने म्हणाले. ‘आणि तुझ्या भावाने तिन्ही ओळखल्यात!’

ताईने मला पांढऱ्या टेबलक्लॉथवर उपडं आपटलं. माझ्या काठाचा टवका उडाला. कापडावर एक थेंबसुद्धा पडला नाही. विमावाल्या बाईंची आठ बोटं वरच राहिली होती, ती त्यांनी हळूच मिटली.

मग तिने मला सरळ केलं, एक हात भावाच्या कपाळाला लावला आणि मला त्याच्या हनुवटीखाली धरलं. अगदी तेव्हासारखं.

‘थुंक,’ ती म्हणाली.

त्याचे गाल फुगलेले होते. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आ वासून वाट बघत होतो. थुंक रे बाबा, मी तुझ्या लहानपणापासूनचा आहे, एवढा एक घोट दे मला!

त्याने तो गिळला. घशाची गाठ वर गेली आणि खाली आली.

‘अगं, एका घोटाने काय...’ डॉक्टरांनी सुरुवात केली.

‘एक अक्षर बोलू नका!’ ताई कडाडली. ‘तुम्हाला दात कळतात, माणूस कळत नाही. आणि तुम्ही सगळे, माझ्या भावाला गुण देत होतात ना? आता द्या. किती देता?’

कुणी बोट हलवलं नाही. तिने क्लचच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि दोन्ही पाहुण्यांना दार दाखवलं. त्या संध्याकाळीच ती मला पिशवीत घालून भावाच्या घरी राहायला आली.

तेव्हापासून मी इथे, त्याच्या टेबलावर आहे. माझ्यात पुन्हा पाणी असतं. सगळं गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पहिले काही आठवडे तो तिच्याशी बोललाही नाही. दोनदा चोरून पिऊन आला. डॉक्टर रोज डबा घेऊन दाराशी येतात आणि खाली मान घालून उभे राहतात. त्यांनी आपले मोजे परत पायांत घातले आहेत, पण मी त्यांना माफ केलेलं नाही.

काल मात्र एक गोष्ट घडली. क्लच बाहेरून आला. पिशवीतून दारूची नवी, बंद बाटली काढली, उघडली आणि माझ्यात उपडी केली. पार शेवटच्या थेंबापर्यंत. मी काठोकाठ भरलो आणि निम्मी जमिनीवर सांडली. मग मला दोन्ही हातांनी उचलून त्याने ताईसमोर धरलं.

‘ताई, आत बघ,’ तो म्हणाला.

तिने आधी माझं वजन घेतलं. मग आत बघितलं. मग त्याचं तोंड उघडायला लावून तिथेही बघितलं. एक धपाटा घातला आणि जमीन पुसायला बसली.

मित्रांनो, माझा टवका उडालाय, त्याचं मला काही वाटत नाही. मला घासा, न घासा, फळीवर टाका, माझं काही अडत नाही. पण तुमचं माणूस एखाद्या भांड्यावर वाकून नुसता आवाज काढत असेल, तर लांबून ऐकून खूश होऊ नका. उठा, जवळ जा आणि आत बघा.