आधी शब्द, मग हात

माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घोड्यांवर मात्र मी आवाज चढवत नाही. ही शिस्त ताईची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, ताई सतराची. तिनंच मला वाढवलं, तिनंच खोगिरावर बसवलं. आज घोडी शिकवून पोट भरतो, ते तिच्यामुळे.

गेल्या वर्षी आजारपणात ताईच्या हातांतली ताकद गेली. बोटांत लगाम धरवेना. तरी हट्ट एकच, "मला पुन्हा घोड्यावर बसायचंय." दाजींनी डोक्याला हात लावला. शेवटी अट घातली, "घोडी नुसत्या शब्दावर थांबली पाहिजे, माझ्यासमोर. नाही थांबली, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही."

मी तांबडी घोडी निवडली आणि चार महिने तिच्यामागे लागलो. "थांब" म्हटलं की खांबासारखी उभी! दाजी येणार त्याच्या आदल्या दिवशी ताईला वर बसवलं.

"थांब," ताई म्हणाली. तांबडी आपली चालतेय, ती थेट पाण्याच्या हौदापर्यंत.

"अगं बये, कान गहाण टाकलेस का?" झालं, माझी शिस्तही गेली.

"तिच्यावर कशाला खेकसतोस?" ताई म्हणाली. मी तिला उतरवलं. "आता तू बस. आणि हात मांडीखाली घाल."

बसलो. म्हटलं, "थांब." बाईसाहेब चालूच.

मग डोक्यात उजेड पडला. मी "थांब" म्हणता म्हणताच लगाम ओढत आलो होतो. तिला माझी बोटं कळत होती, शब्द म्हणजे नुसती बडबड. आधी शब्द, मग एक श्वास थांबायचं आणि मगच हात लावायचा, हे मी वीस वर्षं लोकांना शिकवतोय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"माझ्यासाठी घाई केलीस, कळतंय मला," ताई म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दाजींकडून तीन आठवडे मागून घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आठ दिवस तांबडीनं दाद दिली नाही. नवव्या दिवशी माझी बोटं हलायच्या आत तिचे पाय थांबले. मग शब्द ताईचा आणि हात माझा. वळायला ताईनं तोंडानं सांगायचं आणि मग मनगट घोडीच्या मानेला टेकवायचं.

ठरल्या दिवशी दाजी कुंपणाशी उभे राहिले. ताईनं दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत बाहेर कुणीतरी पत्रा टाकला, धाडकन! तांबडी उसळली आणि चौखूर सुटली. दाजी ओरडले. मी धावलो, पण पोचणार कुठला? लगाम सैल लोंबत होता.

"थांब," ताई म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

एक ढांग, दुसरी ढांग, आणि तांबडी थांबली. अंग थरथरत होतं, पण जागची हलली नाही.

"शाबास गं बाई," ताईनं तिच्या मानेवर हात ठेवला. दाजींनी कुंपणावरची मूठ सोडली. म्हणाले, "बस बाई. रोज बस."

मी जाऊन तांबडीच्या कपाळाला कपाळ टेकवलं. डोळे वाहत होते, वाहू दिले. त्या जनावराचे उपकार कसे फेडायचे, आणि वर बसलेल्या बाईचे तर कसे, काही सुचेना.

"ताई, तू नसतीस तर मी..."

"पुरे रे! बाजूला हो आता. मला एकटीला फिरायचंय."

मी निमूट कुंपणाबाहेर गेलो.