बांध कुठे फोडला

तात्या गेले तेव्हा भातवडीची लढाई एका फळीने अपुरी राहिली होती.

सावेडीतल्या घराच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी पलंग होता, तिथे लाकडी घोडीवर चार रुंद फळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. पहिल्या तीन फळ्यांवर स्वार होते, पायदळ होतं, राहुट्या होत्या, चिखलात रुतलेले बैल आणि एक बसलेला हत्ती. माणसं शिशाची, करंगळीच्या पेराएवढी. मलिक अंबरने १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना नगरजवळ गाठलं, तलाव फोडून त्यांच्या छावणीचा चिखल केला आणि मग हल्ला चढवला, ती ही लढाई. चौथ्या फळीवर तो तलाव आणि त्याचा बांध यायचा होता. तिथे नुसतं प्लायवूड होतं आणि पेन्सिलीची एक रेघ.

वाल्मिकतात्यांची सगळी नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. तो नमुना करणारे ते. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी ही लढाई काढली. त्यांची एकुलती एक मुलगी राजेश्वरी कॉलेजात ग्रंथपाल. तिच्याकडे रसदीचं काम आलं, म्हणजे पुस्तकांचं. दुपारी ग्रंथालयात फोन यायचा. निजामशाही स्वाराच्या पायात काय असायचं? तंबूच्या दोऱ्या सुताच्या की अंबाडीच्या? ती शोधायची. कधी उत्तर मिळायचं, बरेचदा नाही. उत्तर मिळालं नाही की तात्या त्या जागी चिखल लावायचे. चिखल त्या दिवशी होता यावर सगळ्या पुस्तकांचं एकमत होतं. त्यामुळे तिसऱ्या फळीवरचं अर्धं पायदळ गुडघ्यापर्यंत बरबटलेलं होतं.

हा काटेकोरपणा जुनाच. राजेश्वरी लहान असताना दिवाळीच्या किल्ल्यावर तिने मातीच्या मावळ्यांबरोबर बंदूकवाला जवान आणि शिट्टी फुंकणारा ट्रॅफिक पोलीस उभा केला, तेव्हा तात्यांनी दोघांना उचलून खिडकीत ठेवलं आणि म्हणाले, "ह्यांची ड्यूटी अजून लागायचीय." ती रुसली होती. पुढे तिने त्याची परतफेड केली. तात्यांनी हिरव्या कागदाची घायपातं करून माळावर लावली होती, एकेक पान कातरून. घायपात मूळ अमेरिकेतलं आणि इथे ते पुष्कळ नंतर आलं, असं तिने वाचून सांगितलं. तात्यांनी चिमट्याने एकूण एक घायपात उपटलं आणि चहा मागितला.

फाल्गुनात ते गेले. वैशाखात भातोडीच्या शाळेतल्या निकिता मॅडम भेटायला आल्या. भातवडीला आता भातोडी म्हणतात. ही लढाई तात्यांनी शाळेला देऊ केली होती आणि शाळेने तिच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं होतं. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नेऊ का, असं मॅडमनी चाचरत विचारलं. राजेश्वरी म्हणाली, तीन फळ्या न्या, चौथी झालेली नाही. मॅडम म्हणाल्या, की मुलं पहिलं पाणीच शोधतील.

आतून आईचा, छबूबाईंचा आवाज आला. "पानी न्हाई तर चिखल कुटनं आला? हे तर मीबी इचारीन."

चौथी फळी तात्यांनी टाळली नव्हती. तलाव फोडला, एवढं लिहिलेलं आहे. कुठे फोडला ते राजेश्वरीला मिळालेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. हिवाळ्यात दोघं भातोडीला जाऊन बांधावरून चालले. एका म्हाताऱ्याने सांडव्याकडचं टोक दाखवलं, दुसऱ्याने ऐन मध्य. तिसरा म्हणाला की हा बांधच तेव्हाचा नाही, मागून डागडुजी झालेला आहे, तुम्ही भलत्याच ठिकाणी उभे आहात. तात्यांनी तिघांचंही ऐकून घेतलं. घरी येऊन पेन्सिलीची रेघ मारली आणि थांबले. ठाऊक नसलेली गोष्ट दाखवायची नाही, हा त्यांचा नेम होता, आणि इथे तर चिखलाचीही सोय नव्हती. भगदाड म्हटलं की ते कुठेतरी एका जागी पाडावंच लागतं.

राजेश्वरीने दोन रात्री विचार केला. फळी तशीच दिली तर तात्यांचं काम अपुरं राहणार. मनाने जागा ठरवली तर भातोडीची मुलं ती खरी मानून मोठी होणार, आणि तात्यांच्या हातच्या सगळ्या खरेपणात एक थाप कायमची जाऊन बसणार. शेवटी तिने मधला मार्ग काढला. बांध अखंड करायचा, तलाव भरलेला दाखवायचा. फोडण्याच्या आदल्या घटकेचा. हे आपलं आपल्यालाच फारसं पटलेलं नाही, हेही तिला माहीत होतं.

मदतीला अंगद आला. तात्यांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याच पॅटर्न शॉपचा प्रमुख. रविवारी येऊन प्लायवूडचे थर कापून द्यायचा. मापं भिंतीवरच्या तात्यांच्या नकाशात होती. फळीची जोडाची बाजू नव्वद सेंटिमीटर, बांधाचं टोक तिथे जोडायचं. तात्यांची पोलादी पट्टी खिळ्याला टांगलेली होती, पण ती काढायला तिचा हात झाला नाही. तिने हार्डवेअरच्या दुकानातून नवीन टेप आणली आणि मोजून रेघा मारल्या.

फळ्या जोडल्या तर जुळेनात. अलीकडची कड बरोबर धरली की पलीकडे बांधाचं टोक करंगळीच्या जाडीएवढं मागे पडायचं. चौथ्या फळीवरचा ओढा तर तिसऱ्या फळीवरच्या ओढ्याला चुकवूनच जात होता. हात बसलेला नाही, चूक व्हायचीच, असं म्हणून तिने थर सोलले, पुन्हा मोजलं, पुन्हा चिकटवलं. पुन्हा तेवढीच करंगळी.

मग तिने तात्यांची तिसरी फळी मोजली. टेपवर नव्वदच्या पुढे नऊ मिलिमीटर भरली. दुसरी मोजली, तेवढीच. पहिली, तेवढीच. तिला गंमत वाटू लागली. घसरलेल्या हाताची चूक दर वेळी वेगळी असते. ही तर नियमाने वागत होती. टेपच खोटी असेल म्हणून तिने शेजारच्या मुलीच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी आणली. ती टेपशी जुळली. आता एकच माप उरलं होतं. तिने खिळ्यावरची पोलादी पट्टी काढली, पदराने पुसली आणि प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवून ठेवली. शून्याला शून्य. दहापाशी रेघा किंचित फाकल्या. तिसापाशी तात्यांचा तीस तिच्या तिसाच्या चांगला पुढे गेलेला होता.

तिने अंगदला फोन केला. तो संध्याकाळी आला, दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, आणि स्टुलावर बसून कपाळाला हात लावला.

"ताई, ही आमची श्रिंकेजची पट्टी हाय."

मग त्याने सांगितलं. लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, शंभराला एक या हिशेबाने. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. प्रत्येक मापात एक टक्का मिळवत बसायला नको म्हणून पट्टीच तेवढी लांब आखलेली असते. पॅटर्न शॉपमध्ये सगळ्यांकडे हीच. तात्यांनी शिशाचे स्वार ओतायला ती घेतली ते समजण्यासारखं होतं. पण जमीन लाकडाची. ती कुठे ओतायची होती?

"आमचा सेंटिमीटरच मोठा असतो," अंगद म्हणाला. "मी येवडे रविवार हितं येतोय, माज्या ध्यानात न्हाई आलं. मला तीच पट्टी खरी वाटती."

म्हणजे घोड्यांच्या रिकिबीवरून आठवडा आठवडा हुज्जत घालणाऱ्या तात्यांनी भातवडीचं सगळं रानच शंभरात एकाने वाढवून ठेवलं होतं. त्यांना हे कळलं होतं का? अंगदचं मत पडलं की कळलं असतं तर तिन्ही फळ्या फोडून परत केल्या असत्या. राजेश्वरीलाही तेच वाटलं. दारात उभ्या असलेल्या आईला काय झालंय ते समजावून सांगितलं, तेव्हा ती पट्टीकडे बघत राहिली. "म्हंजे माजं कपाटबी ह्याच पट्टीचं. म्हनून दाराला घासतंय व्हय. अन् मला म्हनायचे, भिंत तिरकी हाय."

राजेश्वरीला हसू फुटलं. अंगदने आधी तिच्याकडे चोरून पाहिलं, मग तोही हसला. या घरात तीन महिन्यांत कोणी असं हसलं नव्हतं.

चौथी फळी तात्यांच्याच पट्टीने करायची हे ठरवायला वेळ लागला नाही. एकाच रानाला दोन मापं चालणार नव्हती. ती पट्टी हातात आल्यावर मात्र राजेश्वरीचं डोकं दुसरीकडेच चालू लागलं. लोखंड पुढे काय करणार हे ओळखून ही माणसं आधीच जागा सोडून ठेवतात. तिला माळ्यावरचा एक जुना पॅटर्न आठवला, पाण्याच्या पंपाचा. त्याचे काही उंचवटे हाताने निघायचे. लहानपणी ती ते काढायची आणि चुकीच्या जागी बसवायची.

"त्याला काय म्हणतात, अंगददादा?"

"लूज पीस. त्यो सुटा न्हाई ठिवला तर पॅटर्न वाळूतनं निगताना साचा मोडतो."

"सगळा बांधच लूज पीसचा करता येईल?"

 अंगदने फळीवर वाकून बोटाने दोन-तीन अंतरं धरून पाहिली. मग डॉवेल, म्हणजे लाकडी खुंट्या, कुठल्या जाडीच्या लागतील, यावर तो आपल्याशीच पुटपुटू लागला.

बांध तसा झाला. टोकापासून टोकापर्यंत दोन बोटांएवढे तुकडे, प्रत्येकाखाली दोन खुंट्या. वरून दगडांचा थर असा चढवला की सांधे नजरेत येऊ नयेत. कुठलाही तुकडा उपसला की मागचं तलावाचं पाणी दिसायचं. पुढे, बांधाच्या पूर्ण लांबीला, राजेश्वरीने चिखल केला. तो सगळ्यांनाच मान्य होता.

राहिली पाटी. तिने लिहिलं: तलाव फोडला अशी नोंद आहे. कुठे फोडला ते माहीत नाही. तुम्हाला वाटेल तिथला तुकडा काढा, आणि तिथलाच का ते सांगा. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: या देखाव्यातली जमीन ठरलेल्या मापापेक्षा शंभरात एक भाग मोठी आहे, ती ओतकामाच्या पट्टीने मोजली गेली.

दुसरी ओळ अंगदला रुचली नाही. तात्यांचं नाव शहरात कशासाठी घेतात ते त्याला माहीत होतं. "कशाला लिवता? कुनाला कळनार हाय?"

"तात्यांनी लिहिली असती," राजेश्वरी म्हणाली. पण पेनाचं टोपण लावायला तिला बराच वेळ लागला. सहा वर्षं जो माणूस एक घायपात राहू देत नव्हता, त्याची एवढी मोठी चूक आपल्याच अक्षरात काचेखाली जाणार, हे तिला लागत होतं. ओळ तिने खोडली नाही.

टेम्पो यायच्या सकाळी आई मागच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत तिने या फळ्यांना हात लावला नव्हता. केर काढतानाही लांबूनच. पाटी तिने राजेश्वरीकडून दोनदा वाचून घेतली. मग सांडव्याकडच्या टोकाचा एक तुकडा चिमटीत धरून उपसला.

"इथनं."

अंगद म्हणाला, मधून फोडला तर पाणी एकदम सुटेल, छावणी सरळ समोर आहे.

"सुटंल की. अन् फोडनारे? कुदळ मारनारा मधीच हुबा राहिला तर पयला त्योच जाईल. टोकाला असला तर उडी मारून कडंला व्हईल."

अंगदने मधला तुकडा काढून हातात खेळवला. आईचं बरोबर असेल, तो म्हणाला, पण मलिक अंबराला घाई होती, फोडणाऱ्यांचा विचार त्याने केला असेल कशावरून? आईने त्याला विचारलं, तू तुझ्या शॉपमध्ये पोरांना असाच भट्टीपुढे उभा करतोस काय रे? दोघांची जुंपली. टेम्पोवाला गहिनीनाथ दोरी घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. त्यानेही, कोणी न विचारता, दोन्हीकडून फोडला असेल, असं मत दिलं.

राजेश्वरी बांधाकडे बघत होती. स्वार, राहुट्या, बैल, हत्ती, सगळे होते. बांधावर माणूस एकही नव्हता. तात्यांनी केला नव्हता, तिलाही सुचला नव्हता. कोण होते ते, सैनिक की तलावाची देखभाल करणारे गावातलेच कोणी? स्वतःच्या शेतांचं पाणी त्यांनी आपण होऊन सोडलं, की पाठीशी भाला होता? आजवर तिने पाणी कुठून निघालं एवढंच विचारलं होतं.

तुकडे परत बसवले. फळ्या एकेक करून गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत चढवल्या. शेवटची फळी चढताना आईने पदर सावरत गहिनीनाथला रस्त्यातले खड्डे सांभाळायला बजावलं. टेम्पो वळल्यावर राजेश्वरीने निकिता मॅडमना फोन केला. लढाई निघाली आहे, बांध फोडणारी माणसं मागाहून पाठवते.

किती आहेत, मॅडमनी विचारलं. कपाटात तेवढी जागा ठेवायला.

"ते अजून शोधतेय," ती म्हणाली, आणि ग्रंथालयाच्या वाटेला लागली.