हंडीवर फिरलेला ब्रश

शी! पुस्तकात छापायच्या पदार्थांचे फोटो कसे काढतात ते मी त्या बुधवारी पाहिलं. आठवडा झाला, अजून चकचकीत काही दिसलं की मी आधी वास घेऊन बघते.

आमच्या सभागृहाचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. ज्यूंचं सामाईक स्वयंपाकघर म्हटलं की पहारा लागतो. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही. तो पहारा माझा. बावीस वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या उघडून बघतेय, म्हणून पाठीमागे मला ‘कस्टमवाली’ म्हणतात. म्हणेनात का.

पुस्तकाचं खूळ अध्यक्षीणबाईंचं. आपण जगभर पांगलो, जिथे गेलो तिथलं शिजवायला शिकलो, तर प्रत्येक घराण्याची एक कृती आणि एक फोटो. कल्पना चांगलीच होती हो, पण माणसं कुठून आणायची? बर्फाळ मुलखाकडच्या आजींनी माशाचे गोळे आणले, साखर घालून. माशात साखर! वाळवंटाकडच्या काकूंनी नाकाला रुमाल लावला. मग काकूंनी वाळवलेल्या काळ्या लिंबांचा भात उघडला, तर आजी विचारतात, “भातात कोळसे का घातलेत?” आणि भिंतीवर फलक : आपली विविधता, आपला अभिमान. मला तर दोघींच्याही पदार्थांचा वास घेववेना.

माझी आत्या यायलाच तयार नव्हती. आमच्या पंथाची गावात मोजून अकरा घरं उरलीत, आणि आमची शनिवारची हंडी आता तिच्याशिवाय कोणाला जमत नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार मावळेपर्यंत, आम्ही चूल पेटवत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच मातीच्या हंडीत गहू, हरभरे, मांस आणि कवचासकट अंडी घालून मंद आचेवर ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सोलावं तर अंडं आतून तांबूस. हंडी आत्याच्या आजीची. चार देश ओलांडून आलेली.

“परक्याच्या हातात मी ती देणार नाही,” आत्या म्हणाली.

“अगं, मी आहे ना! हंडीजवळून हलणार नाही.”

“नक्की?”

“आत्या, माझं कामच आहे ते.”

फोटोसाठी पदार्थ सजवणारा एक जण आला होता, कानामागे पेन्सिल आणि हातात ब्रश. त्या ब्रशवाल्याने माशांच्या गोळ्यांवर चक्क केसांना मारायचा स्प्रे मारला, चमक यावी म्हणून. कोंबडीच्या तंगडीला तपकिरी बूटपॉलिश! भातातून वाफ दिसावी म्हणून मागे गरम पाण्यात भिजवलेला कापूस लपवला, आणि आजींनी तो भात समजून तोंडात घातला. ई! बिचाऱ्या किती तरी वेळ थुंकत होत्या. एवढं अन्न सगळं कचऱ्यात जाणार, आणि त्याला नाव आपला वारसा. किळस आली मला.

हंडीचा नंबर शेवटी होता. मी ती गरम करून टेबलावर ठेवली आणि बाजूला उभी राहिले. तेवढ्यात अध्यक्षीणबाई आल्या. “बाहेर सगळ्यांचा फोटो काढतोय. तुम्ही मधोमध हव्यात. तुमच्याशिवाय हे स्वयंपाकघर म्हणजे काय?” झालं! मी फुलले. केस सारखे केले, बाहेर गेले, मधोमध उभी राहिले. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

परत आले तर हंडीतलं मांस लखलखत होतं. ब्रशवाल्याच्या हातात एक वाटी.

“काय लावलंत?”

“थोडं वितळवलेलं लोणी हो. फार कोरडं दिसत होतं.” वर हसून म्हणतो, “बघा, तुमच्या पदार्थात तरी खाण्याचीच वस्तू घातली!”

मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. माशांची कातडी, ओला कापूस, पॉलिशचे बोळे, सगळं उपसलं. लोणी वनस्पतीचं निघावं, एवढीच आशा. वेष्टन सापडलं. गाईचं. शुद्ध.

धातूचं भांडं असतं तर उकळून घेतलं असतं. मातीला उपाय नाही, ती पिऊन बसते. गरम मांसाला दुधाचं काहीही लागलं की ती हंडी फोडायची, आणि आतलं अन्न कुत्र्यालाही घालायचं नाही.

आत्या बाहेर बाकावर बसली होती. कोणी काही पाहिलं नव्हतं. चमचाभर तर लोणी! पुसून टाकलं तर कोणाला कळणार? विचारायला माणसं येतात ती माझ्याकडेच. अगदी फडकं हातात घेतलं मी. आणि गेल्याच वर्षी एका म्हातारीचं मडकं दह्याच्या एका चमच्यापायी मीच फोडायला लावलं होतं. ती रडत होती आणि मी तिला “नियम म्हणजे नियम” सुनावत होते. दिवसभर मी दुसऱ्यांकडे बघून नाक मुरडलं, पण एवढी शिसारी कोणाची आली नव्हती जेवढी त्या क्षणी माझी मला आली.

फडकं टाकलं आणि आत्याला जाऊन सांगितलं.

“तू कुठे होतीस?” तिने विचारलं.

“फोटोत.”

तिने माझे बरबटलेले हात पाहिले. मग म्हणाली, “दुसऱ्या कोणाची हंडी असती तर काय सांगितलं असतंस?”

“फोडा म्हणाले असते.”

“मग सांग ना.”

“फोड, आत्या.”

“माझ्याने नाही होणार. तूच फोड.”

मागच्या अंगणात, कचऱ्याच्या पिंपांशेजारी फोडली. तुकडे जाडजूड होते, आरपार काळे. हात तीनदा धुतले तरी लोण्याचा वास जाईना.

त्या शनिवारचं जेवण आत्याने शुक्रवारी दुपारीच स्टीलच्या पातेल्यात चढवलं. अकराही घरांतली माणसं आली, जेवली, बोटं चाटून गेली. आत्याने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

“छान झालंय गं,” मी म्हटलं. “अगदी तसंच.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तू खरं बोललीस म्हणून हंडी गेली,” ती म्हणाली. “आता एवढ्याशासाठी खोटं बोलू नकोस.”